पडद्याला झेपेल तेवढंच

जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर नव्या संगणकाला जोडायचा म्हटलं की लोक आधी पिना बघतात. पिना हा त्यातला सोपा भाग. वायर बसली तरी दोघांचं जमेलच असं नाही.

गेल्या वर्षी मी हा उद्योग बाबांसाठी केला. बाबांची हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतरही ते घरच्या १४ इंची मॉनिटरवर दिवाळी अंकांची कामं करत. संगणक बंद पडला तेव्हा नवा आणला, सोबत चपटा पडदाही. दोन दिवसांत निकाल लागला: "अक्षरं टोचतात रे यावर." त्यात तथ्य होतं. चपट्या पडद्यावर अक्षर कडक कडांच्या चौकोनांचं बनतं. ट्यूबवर किरणाचा ठिपका जरा पसरतो, कडा मऊ होतात. साठ वर्षं शाईची अक्षरं बघितलेल्या माणसाला मऊ कडाच सरळ वाटतात.

आता अडचण अशी, की नव्या कार्डाला ॲनालॉग तोंडच नसतं. एनव्हिडियाच्या २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आयमधून ॲनालॉग सिग्नल मिळे. २०१६ च्या पुढच्या मालिकेत तो गेला. म्हणून मध्ये एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लावावा लागतो.

पुढचा पेच भाषेचा. नंतरचे मॉनिटर १५ पैकी काही पिनांवरून 'मला एवढं झेपतं' असं कार्डाला कळवतात. बाबांचा मॉनिटर त्याआधीचा, मुका. कार्ड मग अंदाजाने काहीतरी पाठवतं. मर्यादेबाहेरचं पाठवलं तर चित्र फाटतं, आतून शिट्टी ऐकू येते, आणि हट्ट धरला तर आडव्या स्कॅनचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. मग उरतो तो कागद-पेन्सिलचा हिशेब.

मागच्या पट्टीवर आडव्या वारंवारितेची मर्यादा होती ४८ किलोहर्ट्झ. किरणाला खालून पुन्हा वर जायला वेळ लागतो, म्हणून न दिसणाऱ्या ओळीही मोजायच्या. ७६८ ओळींच्या चित्रात त्या धरून ८०६ होतात. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ४८,३६०. थोडक्यात गेलं. ६०० ओळींच्या ६२५ होतात. ७५ वेळा म्हणजे ४६,८७५. हे बसतं. शिवाय ६० ला जाणवणारा लुकलुकाट ७५ ला बराच कमी होतो. लिनक्समध्ये हे आकडे हाताने भरता येतात. भरले, आणि पडदा उजळला.

पानावर मजकूर कमी मावतो, पण स्थिर दिसतो. "मला कुठं एका नजरेत अख्खं पान वाचायचंय?" बाबा म्हणाले.

काहीजण याला जुन्याचं वेड म्हणतात. मला त्यात वेड दिसत नाही. सगळा खटाटोप समोरच्याची मर्यादा विचारून घेण्याचा आणि तिच्या आत जे सर्वांत चांगलं मिळेल ते देण्याचा आहे. मात्र हिशेब कितीही जुळवला तरी ट्यूबमधला कॅथोड वापरागणिक थकतो, आणि बाजारात नवी ट्यूब मिळत नाही. बाबांनी ब्राइटनेसचं बटण आताच शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यानंतर ते बटण किती मागे येतं, ते बघायचं.