सोलापुरात सरळ झालेली शिरोरेखा

वीकएंडला सोलापूर? ऑफिसात तिघांनी विचारलं, आणि तिघांचाही चेहरा असा, की मी सुट्टी वाया घालवतोय. त्यांना काय सांगणार, की माझ्या सॅकमध्ये एक अर्धवट मशीन आहे, २०० कोरी पाकिटं आहेत आणि अब्रूचा प्रश्न आहे!

झालं असं, की माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राच्या मामेबहिणीचं लग्न. पत्रिकेच्या पाकिटांवर पाहुण्यांची नावं ‘माझं मशीन लिहून देईल’ असं मी कॅन्टीनमध्ये चहाच्या भरात बोलून गेलो. मशीन म्हणजे घरी बनवलेला पेन प्लॉटर. दोन स्टेपर मोटर, पट्टे, आर्डुइनो ऊनो आणि पेन उचलायला एक छोटा सर्वो. ट्रायलला झकास लिहायचा. लांब नावं आली की मात्र अक्षरं एकीकडे आणि शिरोरेखा दुसरीकडे. इंग्रजीत हे चाललंही असतं. देवनागरीत अक्षर अर्धा मिलिमीटर सरकलं तरी आजीसुद्धा ओळखते.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण या नावात आहे. रोज अपडाऊन करणाऱ्या किती जणांना ते आठवतं, कोण जाणे. गाडीतच मी मोबाइलवर एक महागडा ३२ बिटचा कंट्रोलर कार्टमध्ये टाकून ठेवला. माझं निदान ठरलेलं होतं: ऊनोचा मेंदू कमी पडतोय.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारली. पाण्याच्या मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ला. मग शहराच्या पूर्व भागात शिरलो. इथे गल्लीचा आवाजच वेगळा. खटाखट, खटाखट, आणि त्यावरून तेलुगूत चाललेल्या गप्पा. मित्राचे मामा इथल्या एका कारखान्यात जॉबर आहेत. म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक जाते तो माणूस.

ज्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती इथे डोळ्यांसमोर विणली जाते. मागाच्या वर जॅकार्डची पेटी. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ तिच्यातून फिरते. भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिचा हुक वर उचलला जातो. भोक नसेल तर हुक बाजूला ढकलला जातो, तो ताणा खालीच राहतो. मधून धोटा जातो, बाण्याचा एक धागा पडतो, की पुढचं कार्ड. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे बसवलं. दोनशे वर्षं झाली, पण विभागणी तीच आहे: कार्ड सांगतं, हुक उचलतो.

मी मामांना प्लॉटर दाखवला. म्हटलं, हा ऊनो म्हणजे कार्ड. तो फक्त ‘एक पाऊल’, ‘या दिशेला’ एवढेच इशारे देतो. हे नखाएवढे ड्रायव्हर म्हणजे हुक, मोटरला खरा करंट हे देतात. आणि मोटर खरंच हलली का, ते ऊनोला कळत नाही.

मामांनी वाया गेलेली आठ पाकिटं ओळीने मांडली. ‘‘काय साहेब, चूक दर वेळी त्याच जागी आहे का?’’

नव्हती. एकच नाव मी तीनदा लिहिलं होतं आणि ते तीन ठिकाणी सरकलं होतं.

‘‘मग कार्डाला कशाला हात लावता? चादरीत दर वेळी तीच ओळ चुकली तर कार्ड बघायचं. कधी इथं, कधी तिथं असेल तर खाली बघायचं.’’

मी गप्प. कारण ‘खाली’ मी बघितलंच नव्हतं. मग तिथेच कागदावर हिशोब केला. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२००. वीस दातांच्या पुलीवर पट्टा ४० मिलिमीटर सरकतो. मिलिमीटरला ८० इशारे. सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने लिहिलं तरी ४,००० इशारे. ऊनोवरचं जीआरबीएल तीसेक हजारांपर्यंत आरामात जातं. मेंदू बिचारा निवांत होता!

कारखान्याच्या वायरमनकडून मल्टिमीटर मागून घेतला. ड्रायव्हरवरच्या छोट्या स्क्रूवर ०.५ व्होल्ट. आणि तिथेच ट्यूब पेटली. मी ज्याचा व्हिडिओ बघून सेटिंग केलं तो डीआरव्ही८८२५, त्यात ०.५ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. माझ्याकडे ए४९८८. त्याच्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलेलं, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला जेमतेम ०.६. मोटर लांब झटक्यात दमत होती. स्क्रू अलगद ०.८ वर आणला, हीटसिंक चिकटवला. (चालू मशीनची मोटर उपटायची नाही, हे आधीच एक ड्रायव्हर जाळून शिकलोय.)

तेव्हा घरी काही बनवणाऱ्या मंडळींनो, आधी ड्रायव्हर निवडा. तोही मोटर बघून. रात्री फ्लॅटमध्ये आवाज नको असेल तर टीएमसी२२०९ घ्या, ए४९८८ च्या शेजारी तो जवळजवळ मुका वाटतो. नेमा २३ सारखी जाड मोटर असेल तर हे छोटे बोर्ड विसरा, वेगळा डब्याएवढा ड्रायव्हर लागतो. कंट्रोलरवर खर्च करा तो इशारे खरंच कमी पडतील तेव्हा, किंवा वायफाय हवंच असेल तर. माझं कार्ट मी रिकामं केलं.

रात्री मामांच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि टेबलावर खरखरणारा प्लॉटर. शेवटचं पाकीट साडेअकराला झालं. शिरोरेखा जागच्या जागी. मामा बराच वेळ पेनाकडे बघत बसले होते.

‘‘पेनाच्या जागी पंच लावला, तर आमच्या कार्डांना भोकं पाडेल का हे?’’

मी म्हटलं, कंट्रोलर हाच चालेल मामा, पण मोटर आणि ड्रायव्हर मोठे घ्यावे लागतील. त्यांनी पत्रिकेच्या उरलेल्या पाकिटामागे दोन्ही नंबर लिहून घेतले.