एकच बांबू दोनदा

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे मायनिंग म्हणजे कोळसा. पुण्यात नोकरीला लागल्यावर ग्राफिक कार्डांवर नाणी 'माइन' करणारे सहकारी भेटले, तेव्हा हसू आलं होतं. पण नातं आहेच: कोळशातून वीज निघते आणि ही नाणी वीज खातात.

गेल्या हंगामात धानोऱ्याहून मामाचा फोन आला. कुणीतरी त्याला एक नवं, स्वस्त नाणं विकत होतं. "हिशेब हजार कम्प्युटर ठेवते म्हणते. मंग बेईमानी कशी होईन?" धान विकून आलेले पैसे त्याच्या हातात होते.

मी बांबूपासून सुरुवात केली. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं, म्हणजे टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. समजा, एखाद्याने एकाच टीपीवर दोन व्यापाऱ्यांकडून पैसे घेतले. ट्रक एकाच्याच दारात जाणार, दुसरा लगेच बोंब मारणार. डिजिटल नाण्यात मात्र बांबू नसतोच, फक्त टीपी असते. तेच नाणं दोघांना देणं म्हणजे 'डबल स्पेंड'.

बिटकॉइनने यावर उपाय काढला: वही सगळ्यांकडे ठेवायची. नवं पान जोडायचं तर मायनरने वीज जाळून कोडं सोडवायचं. बक्षीस म्हणून त्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये पानामागे ५० मिळत, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दोन वह्या समोर आल्या, तर जिच्यामागे जास्त मेहनत ती खरी.

भोक इथेच आहे. निम्म्याहून जास्त ताकद असलेला माणूस एक्स्चेंजवर नाणी विकतो, मोबदला काढून घेतो आणि मग तोवर गुपचूप लिहिलेली, जास्त मेहनतीची वही पुढे करतो. त्या वहीत नाणी त्याच्याकडेच असतात. सगळं नियमात बसतं. म्हणूनच मोठ्या व्यवहाराला बिटकॉइनमध्ये सहा पानं थांबायची रीत आहे.

बिटकॉइनवर असा दरोडा परवडत नाही. त्याची यंत्रं दुसऱ्या कामाची नाहीत. विश्वास उडाला, भाव पडला, की दरोडेखोराचीच यंत्रं भंगारात. लहान नाण्यांचं तसं नाही. इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये असा हल्ला झाला, ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीनदा. थोरल्या इथेरियमची यंत्रं तेव्हा त्यावरही चालत आणि ताकद भाड्याने मिळे. भाड्याने घेणाऱ्याला त्या नाण्याच्या उद्याशी काय देणंघेणं?

मामाच्या नाण्यामागे किती यंत्रं आहेत, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही. पैसे बँकेतच राहिले.

हे समजावताना मला मेंढ्याची ग्रामसभा वेगळीच दिसू लागली. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसतात. हे जमतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्याही त्याच जंगलावर जगायचं असतं. अनोळखी लोकांच्या जाळ्यात ओळख नाही, म्हणून वीज मोजावी लागते. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच: वही लिहिणाऱ्याला उद्याही तीच वही लागणार आहे का?