पाळी चुकण्याच्या आधी

पाळी चुकते, आठवडाभर वाट पाहिली जाते, मग मेडिकलमधून किट येतं. दोन रेघा दिसतात तेव्हा शेवटच्या पाळीपासून पाच-सहा आठवडे झालेले असतात. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नलिका सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते, हृदयाची घडणही तेव्हाच चाललेली असते. दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक अवयवांचा पाया घालून झालेला असतो. बाईला आधीपासून मधुमेह असेल आणि नेमकी याच दिवसांत साखर चढलेली असेल, तर गर्भपाताचा आणि बाळात जन्मजात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत हे दिवस बरेचसे सरलेले असतात.

*

गरोदरपणात होणारा मधुमेह बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यात दिसतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. तोवर बाळाचे अवयव घडून झालेले असतात. आधीपासूनचा मधुमेह पहिल्या दिवसापासून सोबत असतो. पहिल्याच तपासणीत उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ टक्के वा अधिक निघालं, तर तो आधीचाच असावा, फक्त कोणी तपासलेला नव्हता. आपल्याकडे विशी-तिशीतच टाइप टू मधुमेह होऊ लागल्यामुळे अशा मुली आता वरचेवर भेटतात.

*

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, आईचं इन्सुलिन पोचत नाही. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात याचा पुढचा दुवा मांडला: जादा साखर आली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करतं, आणि बाळ चरबीने वाढतं. घरी कौतुक होतं, ‘केवढं गुटगुटीत!’ पण प्रसूतीत त्याचे खांदे अडकू शकतात. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, इन्सुलिन मात्र अंगात उरतं आणि बाळाची साखर झपाट्याने उतरते. म्हणून जन्मल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावं, चीक पाजावा आणि त्याची साखर तपासत राहावं. मध किंवा गुळाचं पाणी चाटवू नये.

*

इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. त्याआधी मधुमेही बाईला दिवस राहणंच दुर्मीळ होतं, आणि राहिलेच तर आई व बाळ दोघांच्या जिवाला घोर. बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये प्रिसिला व्हाइट यांनी अशा गरोदर बायकांसाठी आपलं आयुष्य वेचलं. मधुमेह कोणत्या वयात लागला, किती वर्षांचा आहे, डोळे-मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना इजा झाली आहे का, यावरून धोका ठरवण्याची त्यांची वर्गवारी १९४९ ची. आजही चांगला डॉक्टर हेच प्रश्न आधी विचारतो.

*

दिवस राहण्याआधीची तयारी थोडक्यात. एचबीएवनसी शक्यतो ६.५ च्या खाली आणावं. ते १० च्या वर असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवावं. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावं, मात्रा डॉक्टरांनी ठरवावी, कारण मधुमेहात ती नेहमीपेक्षा मोठी लागू शकते. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

*

‘इन्सुलिन लागलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं’ ही भीती घराघरांत आहे. गरोदरपणात वारेतले संप्रेरक इन्सुलिनला विरोध करतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत डोस दुप्पट होऊ शकतो. त्यात बाईचा काही दोष नसतो. उलट पहिल्या तीन महिन्यांत साखर अचानक खाली जाते, बहुतेकदा रात्री. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर लगेच ग्लुकोज द्यायचं. हे नवऱ्याला आणि सासूला ठाऊक असलं पाहिजे. तिने इन्सुलिन घेऊन निर्जळी हरतालिका धरू नये, आणि ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत घरच्यांनीही तिचं ताट भरू नये.

*

आईच्या बाजूने तीन धोके: रक्तदाब वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाणं, डोळ्यांचा पडदा बिघडणं, आणि साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठणं. बारा आठवड्यांनंतर कमी मात्रेतली ॲस्पिरिन पहिला धोका कमी करते. ती डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. उलट्या थांबत नसतील किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

*

अकराव्या वर्षी टाइप वन मधुमेह झालेली मुलगी वीस वर्षं इन्सुलिन घेते आणि लग्न ठरताना घरचे ते लपवतात. मग सासरी ती बाथरूममध्ये इंजेक्शन टोचून घेते, दुपारचा डोस चुकवते, साखर मोजणं सोडते. लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलावा, ही सगळ्यांची अपेक्षा. नेमक्या ज्या महिन्यांत तिने साखर सर्वांत जपायची, त्याच महिन्यांत ती सर्वांत एकटी असते. ही लपवाछपवी बाळाला भोवते, हे तिच्या आईवडिलांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

*

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची ही सोय मोलाची आहे, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. मधुमेही बाईला त्याआधी गाठायला हवं. ती दर महिन्याला कुणाकडून तरी गोळ्या किंवा इन्सुलिन घेतच असते. त्या भेटीत डॉक्टरांनी विचारावं, ‘मूल हवंय का? केव्हा?’ ‘हो’ म्हणाली तर तयारी त्याच दिवशी सुरू करावी. ‘इतक्यात नको’ म्हणाली तर भरवशाचं गर्भनिरोधक द्यावं. आणि पहिलं बाळंतपण झालेल्या बाईला हाच प्रश्न पुन्हा विचारावा.