एक ओवी, तीन डिले

गणपतीच्या मंडपात माइकवर कुणी ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’ म्हणालं की प्रत्येक शब्द तीन-चारदा परत येतो ना? तो इको म्हणजेच म्युझिकवाल्यांच्या भाषेत ‘डिले’. आवाज क्षणभर अडवून ठेवायचा आणि दरवेळी जरा हळू करत परत सोडायचा, एवढंच. पूर्वी त्यासाठी अख्खं यंत्र लागायचं. रोलँडच्या 1974च्या ‘स्पेस इको’मध्ये खरीखुरी टेप फिरायची. आता तेच काम लॅपटॉपमधलं छोटंसं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लग-इन करतं. आणि अशी प्लग-इन्स इतकी आहेत की दादरच्या साडीच्या दुकानात शिरल्यासारखं होतं. सगळंच आवडतं, घ्यायचं एकच!

मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरीला. संगीतासाठी हातात उरतो रात्रीचा एक तास. सध्या त्या तासावर माझ्या आजीचा कब्जा आहे. आजी बोरिवलीला काकांकडे असते, वय 84. तिनं मला जात्यावरची एक ओवी मोबाइलवर गाऊन दिली, जेमतेम 40 सेकंदांची. आमच्या घरात ती ओवी दुसऱ्या कुणालाच येत नाही. मला तिच्याखाली 90 बीपीएमचा ठेका टाकायचा होता आणि आवाजाला डिले द्यायचा होता. आजीची अट एकच. ‘‘माझे शब्द कळले पाहिजेत. नुसता गोंगाट नको.’’

उमेदवार तीन. एफएल स्टुडिओतच मिळणारा फ्रुटी डिले 3. फुकटातला वल्हाला सुपरमॅसिव्ह, 2020 सालचा. आणि 50 डॉलरचा वल्हाला डिले, म्हणजे चार हजारांच्या वरचं काम. पण त्याचं डेमो व्हर्जन मिळतं.

सुपरमॅसिव्ह लावला आणि आजी थेट अंतराळात! सिंथच्या लांबलचक सुरांना भन्नाट, पण ओवीतले ‘च’, ‘ट’, ‘श’ एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे तो बाद. वल्हाला डिलेचा ‘टेप’ मोड मात्र सॉलिड. टेपसारखाच प्रत्येक पुनरावृत्तीत आवाजाचा टोकदारपणा कमी होत जातो, त्यामुळे मागून येणारी आजी पुढच्या आजीच्या अंगावर येत नाही. वर एक हलकीशी थरथर. हेडफोनवर अंगावर काटा आला.

मग फ्रुटी डिलेलाही तसंच वागवलं. त्यातल्या फिल्टरनं परत येणाऱ्या आवाजाची वरची धार कापली आणि फीडबॅक कमी ठेवला, म्हणजे दोन-तीन आवर्तनांतच इको संपेल.

आता वेळ किती ठेवायचा? 90 बीपीएमला एक ठोका 667 मिलिसेकंदांचा. टेम्पो सिंकचं बटण दाबून ‘डॉटेड एट्थ’ निवडलं की बरोबर 500 मिळतात. सिंथला हे फिट्ट बसतं. पण आजी काही मेट्रोनोम लावून गायली नव्हती! म्हणून तिच्यासाठी सिंक बंद केलं आणि हातानं सरकवत 420वर थांबलो. शिवाय डिले अख्ख्या ओवीला दिलाच नाही. फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दाला दिला. आजी श्वास घेते तेवढ्या जागेत इको येतो आणि नवी ओळ सुरू व्हायच्या आत विरतो.

दोन्ही व्हर्जन्स फोनवर घेतली आणि आठवडाभर घाटकोपर-अंधेरी मेट्रोत ऐकली. नावं मित्राकडून बदलून घेतली होती, म्हणजे किमतीचा प्रभाव नको. इअरफोनवर टेपवालं पुढे होतं. फोनच्या स्पीकरवर मात्र ती थरथर ऐकूच येईना, दोन्ही सारखीच. आणि आजी इअरफोन लावत नाही, ती फोन कानाशी धरून ऐकते. निकाल लागला! फ्रुटी डिले 3 पास, चार हजार खिशात.

या निमित्तानं चरणजीत सिंग आठवतात. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या मुंबईकर कलाकारानं 1982 साली रोलँडचीच तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303. तो अल्बम, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’, तेव्हा फारसा चालला नाही. 2010मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा यात तर अ‍ॅसिड हाउसची चाहूल आहे म्हणून परदेशातले लोक चकित झाले. हाताशी यंत्रं तीनच, पण वाजवायचं काय ते पक्कं ठाऊक होतं.

म्हणून प्लग-इन विकत घेण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे गाणं कोण ऐकणार? कशावर ऐकणार? आणि त्यातलं काय हरवलेलं चालणार नाही? उत्तरं मिळाली की दुकान आपोआप छोटं होतं.

रविवारी बोरिवलीला गेलो. आजीनं फोन कानाशी धरून दोनदा ऐकलं. म्हणाली, ‘‘शब्द कळतात रे. पण ते ढुमढुम जरा कमी कर.’’