घरचे टपाल

माणसाला एखादे तरी निरुपयोगी व्यसन असावे, असे म्हणतात. कुणी जुनी नाणी जमवितो, कुणी गच्चीवर गुलाब लावतो. मी घरी टपालकचेरी चालवितो. म्हणजे असे की, आमच्या कुटुंबातल्या अकरा माणसांची ईमेल कुणा बड्या कंपनीच्या दारी न जाता आमच्या पुण्याच्या घरात, जिन्याखालच्या फडताळात ठेवलेल्या एका छोट्या संगणकावर येते. माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्ररात्र धावत्या गाडीत उभे राहून त्यांनी लोकांची पत्रे खणाखणांत टाकली. तेव्हा हे खूळ रक्तातच असावे, असा आमच्या सौभाग्यवतींचा निष्कर्ष आहे.

कचेरी उघडणे तसे अवघड नाही. पोस्टफिक्स नावाचे सॉफ्टवेअर पत्र दारात घेते, डव्हकॉट ते ज्याच्या त्याच्या खणात लावते. दोन्ही फुकट मिळतात. अवघड आहे ते दार सांभाळणे. आमचे दार उघडले त्याच रात्री पहिला आगंतुक हजर झाला. मला कुठलेसे बक्षीस लागले होते!

या आगंतुकांचे घराणे जुने आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. लोक संतापले, पण माल खपला, असे त्याने पुढे सांगितले, आणि तेच तर दुखणे आहे. ‘स्पॅम’ हे मूळ नाव एका डबाबंद मांसाचे. १९७० साली इंग्लंडातल्या माँटी पायथन मंडळींनी एक हॉटेलातला विनोदी प्रवेश केला. त्यात काहीही मागवा, स्पॅम ताटात आहेच! आपल्याकडे कुणी तो प्रवेश लिहिला असता तर त्या जागी बटाटा आला असता.

दारावर मी दोन पहारेकरी ठेवले आहेत. पहिल्याची युक्ती मला फार आवडते. अनोळखी ठिकाणाहून पत्र आले की तो नम्रपणे म्हणतो, “आत्ता अडचण आहे, थोड्या वेळाने या.” सभ्य सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि पुन्हा येतो. लाखो पत्रे उधळणाऱ्या भामट्याला तेवढी सवड नसते. तो पुढच्या घरी जातो. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ही रीत सुचविली. आता भामटेही शहाणे झाले आहेत, तरी बरेच जण अजून वाटेला लागतात.

दुसरा पहारेकरी शिकलेला आहे. त्याचा गुरू थॉमस बेज हा अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक. त्याचा संभवाविषयीचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, मित्राने छापविला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी त्या गणिताने स्पॅम गाळण्याची कल्पना लोकप्रिय केली. माझ्या चांगल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात, वाईट पत्रांत किती, याची गाळणी वही ठेवते आणि नव्या पत्राला गुण देते. येथे गुण जितके जास्त तितके पत्र वाईट. आमच्याकडे ६ गुणांना पत्र अडगळीच्या खणात जाते आणि १५ गुणांना दारातूनच परत.

आता दुसऱ्या घराची गोष्ट. पावसाळ्यात वीज गेली की माझी कचेरी बंद. खरे म्हणजे त्याने पत्रे बुडत नाहीत. पाठविणारा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. भीती होती ती आधीच्या पत्रांची. डिस्क काही सांगून मरत नाही. म्हणून नाशिकला लेकीच्या घरी तसाच दुसरा संगणक ठेवला. दोघे अधूनमधून एकमेकांशी बोलतात. इकडे आलेले पत्र तिकडे जाते, तिकडे वाचलेले इकडे वाचलेले दिसते.

परंतु भामट्यांना मागचे दार नेमके ठाऊक असते. दुय्यम सर्व्हरवर पहारा ढिला असतो, हा त्यांचा अनुभव. आणि गंमत अशी की पत्रांची नक्कल झाली तरी पहारेकऱ्याचे शिक्षण आपोआप पोहोचत नाही. त्याची वही वेगळी असते. तीही मला निराळी पाठवावी लागली. नाही तर पुण्याचा पहारेकरी पदवीधर आणि नाशिकचा बिगरीत!

हे सारे मी उत्साहाने सांगत असता सौभाग्यवती लाडू वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, म्हणजे इकडच्या डब्यातला लाडू कुणी खाल्ला, की तिकडच्या डब्यातलाही जाणार. मग दोन डबे कशाला?” प्रश्न अगदी बिनतोड होता. पुसलेले पत्र दोन्हीकडून पुसले जाते. म्हणूनच दर महिन्याला सर्व पत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून मी ती कपाटात, सोडवून ठेवतो.

मित्र विचारतात, “अडगळीचा खण कशाला? थेट पुसून टाक.” हे मात्र मी ऐकत नाही. वडील सांगत की, पत्त्याचा शोध लागला नाही तर पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जाई. पण ते फाडून टाकण्याचा अधिकार सॉर्टरला नसे. दारातून परत केलेल्या पत्राची वार्ता निदान पाठविणाऱ्याला लागते. मुकाट्याने पुसलेल्याची कुणालाच लागत नाही. म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी अडगळ चाळतो.

गेल्या वर्षी अशाच एका रात्री तिथे आमची इंदूरची आत्या सापडली. वय ८४. नातवाने तिला नवा फोन, नवा पत्ता आणि बोललेले लिहून घेण्याची सोय करून दिली होती. विषय होता, ‘तातडीचे तातडीचे’. पुढे एकाही विरामचिन्हाविना मजकूर: पैशांची काळजी नको दोन लाखांची सोय झाली आहे ताबडतोब उत्तर पाठव. गाळणीने ९ गुण दिले होते. मीही कदाचित तेवढेच दिले असते. खाली होते की, सुनेचे हृदयाचे ऑपरेशन पुण्यात ठरले आहे, मंगळवारी पहाटे पोहोचतो, तुझ्याकडे उतरता येईल का. तो रविवार होता.

मंडळी आली, तीन आठवडे राहिली. सूनबाई आता हिंडत्याफिरत्या आहेत. ते पत्र मी चांगल्यांच्या वहीत घातले आणि वही नाशिकला धाडली. आत्याची भाषा काही बदलली नाही. परवा नातीला वक्तृत्वाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा तिने विषय लिहिला, ‘अभिनंदन बक्षीस लागले’. पत्र ४ गुण घेऊन सरळ आत आले.