माळाचं जंगल करू नकोस

सुलतानपूर, ता. लोणार

चि. सुहास,

तुझ्या पत्रानं मन अस्वस्थ झालं. गावच्या ई-क्लास गायरानाच्या माळावर कंपनीच्या निधीतून कोणती झाडं लावावीत, म्हणजे हरणांना जंगल मिळेल, एवढंच तू विचारलंस. एकही लावू नकोस. तुझा हेतू चांगला आहे, म्हणूनच काळजी जास्त वाटते. चांगल्या हेतूला गावात कोणी अडवत नाही.

आपली ही हरणं म्हणजे काळविटं, आणि काळवीट जंगलातला नव्हे, माळावरचा प्राणी. आखूड गवत हे त्याचं खाणं आणि लांबवर पोचणारी नजर हे त्याचं संरक्षण. लांडगा दिसला की तो लपत नाही, पळतो; दाट झाडीत त्याचं हे बळच संपतं. रेहेकुरी अभयारण्य 1980 साली काळविटांसाठीच राखलं गेलं, शेजारच्या वाशीमचं कारंजा-सोहोळही त्यांच्यासाठीच. सरकारदरबारी मात्र माळ म्हणजे पडीक, आणि शिकलेली माणसंही तेच धरून चालतात. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. ‘कोणी लक्ष देत नाही तरी कळप वाढला’ असं तू लिहितोस. अरे, तिथं नांगर फिरला नाही, खड्डे खणले नाहीत, म्हणूनच तो वाढला! याचा अर्थ माळ वाऱ्यावर सोडावा असा नाही. बेसुमार चराईनं गवत संपतं आणि वेडी बाभूळ मोकळी जागा गिळते. तिला लोणारच्या विवरातूनही काढावं लागलं. काढायचंच असेल तर ती काढ.

हरणं हरभऱ्याचे, सोयाबीनचे कोंब खातात, हे शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण माळावरचं गवत झाडांच्या सावलीखाली गेलं तर कळप शेतातच उतरणार. नुकसानीचा पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई लवकर हाती पडावी, रात्रीच्या राखणीला मदत मिळावी, यासाठी कंपनीचा पैसा आणि तुझी ओळख वापर. माळ राखायला आणखी एक कारण आहे: मेहकरजवळून समृद्धी महामार्ग गेला. त्याखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या असल्या, तरी त्या वाटेनं जाऊन पोचायला पलीकडे माळ शिल्लक हवा ना? ग्रामसभेत लागवडीचा ठराव येण्याआधी सरपंचांना तू स्वतः फोन कर. रोपांची गाडी आल्यावर माझं कोण ऐकणार?

तुझा,
मामा