तळावरचे ओरखडे

पतंग म्हटला की संक्रांतीचे आकाश, मांज्याची रिळे आणि गच्चीवर आरडाओरड करणारी मुले डोळ्यांपुढे येतात. माणसालाच पाण्यावरून ओढीत नेणाऱ्या पतंगाची आमच्या पिढीला कल्पना नव्हती. फ्रान्समधील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरलेल्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. असा पतंग पाण्यात कोसळला तरी तरंगतो आणि पुन्हा उचलता येतो. पुढे चाळीस वर्षांनी, २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये, या खेळाचा एक प्रकार मार्सेच्या समुद्रात खेळला गेला. आपल्याकडे गोव्यात मोरजी, आश्वे या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात दुपार कलली की असे पतंग दिसू लागतात. पतंगाच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पाय एका फळीवरील वाद्यांत रोवायचे आणि वाऱ्याच्या हवाली व्हायचे, असा हा खेळ. त्या फळीला काइटबोर्ड म्हणतात.

आमचा एक भाचा मोरजीला हा खेळ शिकवतो. २०२३ च्या मे महिन्यात हंगाम संपवून तो वसईला आला तेव्हा त्याच्या खांद्याला अशीच एक फळी होती. आमचे सारे आयुष्य मुलांना सुतारकाम शिकवण्यात गेले. त्यामुळे घरात कोणाची खुर्ची डुगडुगली तरी ती आमच्या पडवीत येते. फळीही त्याच न्यायाने आली.

"मामा, तळावर ओरखडे पडलेत. लांबी भरा, वरून रंग मारा. एका दिवसाचे काम आहे. शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे," तो म्हणाला.

फळी विकून येणाऱ्या पैशांतून त्याला प्रशिक्षकाच्या वरच्या परीक्षेची फी भरायची होती. गिऱ्हाईक म्हणजे नुकताच खेळ शिकलेला एक कॉलेजचा मुलगा. त्याची घाई आम्हांला समजत होती. तथापि कोणतीही वस्तू हातात आल्यावर प्रथम ती पाहायची आणि मग हत्यार उचलायचे, ही आमची जुनी सवय.

फळी सुमारे एकशे चाळीस सेंटिमीटर लांब. आत पॉलोनिया नावाचे अतिशय हलके लाकूड, त्याच्या दोन्ही अंगांना इपॉक्सी राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. उथळ पाण्यातले दगड, शिंपल्या आणि वाळू यांच्यावर घासून तळ भरपूर खरचटला होता. नखाने चाचपून पाहिले, तेव्हा बहुतेक ओरखड्यांत नख अडकत नव्हते. असल्या ओरखड्यांना हात लावण्याचे कारण नसते. तळ आरशासारखा चकचकीत केल्याने फळी अधिक वेगाने धावते, असेही नाही. चारपाच ओरखडे खोल होते, पण प्लास्टिकच्या आतच थांबले होते. त्यांना इपॉक्सीचा एकेक पातळ भर पुरेसा होता. एक मात्र निराळा होता. मागच्या फिनजवळ, स्क्रू बसतो त्या पुंगळीला लागून, बोटभर लांबीची एक चीर होती आणि तिच्यात काचेचे पांढरे तंतू दिसत होते. नाण्याने ठोकून पाहिले. इतरत्र टणक आवाज येत होता, तिथे भद्द आला.

सर्व ओरखड्यांत दिसायला हाच सर्वांत लहान होता. पण काचेचे कापड तुटले की पाण्याला लाकडापर्यंत वाट मिळते. लाकूड पाणी पिते, फुगते, वरच्या थरापासून सुटते आणि काही काळाने कुजते. कुजलेल्या लाकडात स्क्रूची पुंगळी तग धरीत नाही. आज फिन निखळेल, उद्या पायाच्या वादीखालची पुंगळी. किनाऱ्यापासून दूर, भर वाऱ्यात तसे घडले तर नवशिक्या मुलाचे काय होईल, हे भाच्याला आमच्याहून अधिक ठाऊक होते.

"म्हणूनच तर बुजवायला आणलीय ना?" तो म्हणाला.

वाद इथेच होता. ओल आत असताना वरून बुजवले तर चीर दिसेनाशी होते, ओल मात्र कोंडली जाते. उघडी चीर निदान वाळते तरी. शिवाय ओल्या लाकडाला इपॉक्सी धड चिकटत नाही. आम्ही सांगितले, "शनिवार विसर."

तो दोन दिवस आमच्याशी मोजकेच बोलला.

आम्ही फिन व पायाच्या वाद्या काढल्या, चिरेभोवतीचा सुटलेला थर धारदार सुरीने कापून टाकला. आत अंगठ्याएवढे लाकूड काळवंडले होते. ते कोरून काढले, मिठाचा अंश जावा म्हणून ती जागा गोड्या पाण्याने धुतली आणि फळी सावलीत, पंख्यासमोर आडव्या कडेवर उभी केली. उन्हात ठेवली नाही, कारण उन्हाने तापून असली फळी वाकते, थर सुटतात. रोज सकाळी ती तराजूवर ठेवून वजन लिहून ठेवू लागलो. मे महिन्यातली वसईची हवा दमट. वजन सावकाश उतरत गेले. सहाव्या व सातव्या दिवशी काटा एकाच जागी थांबला, तेव्हा लाकूड वाळले असे धरले. एकूण चाळीस ग्रॅम पाणी गेले होते.

मधल्या काळात आम्ही भाच्याला पाचूबंदरला नेले. पावसाळी बंदीपूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्याची तयारी चालली होती. तिथला एक ओळखीचा फायबरकाम करणारा फळी पाहून म्हणाला, "आणा इकडे, तासाभरात करून देतो." त्याच्या डब्यात पॉलिएस्टर राळ होती. मासेमारीच्या फायबर होड्यांना ती चांगली. पण वाळलेल्या इपॉक्सीवर तिची पकड कच्ची राहते. आम्ही आभार मानून परतलो. वाटेत भाच्याने विचारले, "होड्यासुद्धा आधी वाळवतात?" लाकडी होडीचा तळ खरवडून, उन्हावाऱ्यात सुकवून मगच त्याला तेल-रंग लावतात, हे त्याच्या आजोबांनी सांगितले असते. आम्ही सांगितले.

आठव्या दिवशी त्यानेच काम केले; आम्ही शेजारी बसलो. इपॉक्सीचे दोन्ही घटक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वजन करून घ्यावे लागतात. हार्डनर जास्त घातल्याने ती लवकर वाळत नाही, उलट मऊ राहते. उकाड्यात ती भराभर तापून घट्ट होते, म्हणून थोडी थोडी कालवली. लाकडाचा खड्डा सिलिकाची पूड घालून दाट केलेल्या इपॉक्सीने भरला. वर काचकापडाचे दोन तुकडे, एक दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा. दुसऱ्या दिवशी पृष्ठावर तेलकट थर आला होता. दमट हवेत तो येतोच. तो आधी पाण्याने धुतला आणि मगच, नाकातोंडाला फडके बांधून, एकशेवीस, दोनशेचाळीस आणि शेवटी चारशे नंबरचा वॉटरपेपर फिरवला. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून ठिसूळ होते, म्हणून तेवढ्यावरच रंगाचा एक हात दिला. बाकीचे ओरखडे होते तसेच राहिले.

"रंग सगळीकडे मारू या का?" असे त्याने विचारले नाही.

शनिवारचे गिऱ्हाईक थांबले होते. फोनवर भाच्याने त्याला चीर, कुजलेले लाकूड, कापलेला थर, सारे सांगितले. आम्ही पडवीत बसून ऐकत होतो. त्या मुलाने फळी घेतली, पण ठरल्या किमतीपेक्षा तीन हजार रुपये कमी देऊन. तेवढ्याने फी पुरी होईना. भाच्याची परीक्षा पुढच्या हंगामावर गेली, आणि तो हंगाम त्याने कमी पगारावर काढला. खरेपणाला किंमत पडते, आणि ती पुष्कळदा ज्याला परवडत नाही त्यालाच द्यावी लागते, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही.

तरीही आम्हांला वाटते, की झाले ते योग्यच झाले. आपली घरे, नाती आणि संस्था यांवरही ओरखडे पडतात. त्यांतले पुष्कळसे नुसते वापराच्या खुणा असतात. ते जपावेत अथवा विसरावेत. ज्यातून ओल आत शिरते तो ओरखडा बहुधा लहानसा असतो, आणि आपण घाईने त्याच्यावरच रंग मारतो. समेटाच्या दोन शब्दांनी भांडण बुजते, ओल मात्र आतच राहते. आधी उघडावे, धुवावे, वाळू द्यावे आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत थांबावे.

भाचा आता हंगामाच्या आरंभी आपल्या प्रत्येक फळीचे वजन करून वहीत लिहून ठेवतो.